खडकी नावाची दोन गावे आणि महाराष्ट्र घडवणारी आफ्रिकन वंशाची माणसे

पुण्याच्या खडकीत, होळकर पुलाच्या जवळ, युद्धात मरण पावलेल्या सैनिकांची दफनभूमी आहे. पुणेकर तिला वॉर सिमेट्री म्हणतात. राखलेल्या हिरवळीवर नावे कोरलेल्या दगडांच्या रांगा आहेत. बहुतेक नावे ब्रिटिश सैनिकांची. पण दुसऱ्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या जवळपास दोनशे सैनिकांचीही नोंद याच आवारात आहे. स्वतःच्या देशात स्वातंत्र्य नसलेली ही माणसे दुसऱ्याच्या युद्धासाठी समुद्र ओलांडून आली आणि इथेच संपली.

खडकी आपल्या समाजाला नवी नाही. दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, सोबत छावणी आणि लष्करी डेपो. आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल या कारखान्यांच्या भोंग्यावर पेटली आणि याच वस्त्यांमधून विहारे उभी राहिली. पण आफ्रिकेतल्या माणसाशी नाते सांगणारे महाराष्ट्रातले हे एकच ठिकाण नाही. खडकी नावाचे आणखी एक गाव होते. ते मराठवाड्यात होते आणि एका आफ्रिकन माणसाने ते नावारूपाला आणले. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे राज्याचा पेशवा झाला. त्या खडकीलाच पुढे औरंगाबाद म्हणू लागले आणि आज तिचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. त्या माणसाचे नाव मलिक अंबर.

ब्राझीलमध्ये आफ्रिकन वंशाच्या कर्तबगार स्त्री-पुरुषांचे स्मरण दरवर्षी होते. अमेरिकेत त्यासाठी फेब्रुवारी महिना राखलेला आहे. महाराष्ट्रात मात्र आफ्रिकन वंशाच्या माणसांचा इतिहास 'हबशी' या एका शब्दात गुंडाळला जातो आणि तो शब्दही बहुतेक वेळा शिवी म्हणून वापरला जातो. म्हणून आम्ही या लेखात अशा काही व्यक्तींची आणि समूहांची ओळख करून देत आहोत.

हबशी आणि सिद्दी म्हणजे कोण?

आजच्या इथिओपिया आणि आसपासच्या प्रदेशाला अरब लोक 'हबश' म्हणत. तिथून आलेला तो हबशी. 'सिद्दी' हा शब्द 'सय्यदी' या आदरार्थी अरबी संबोधनावरून आला असे मानतात. मध्ययुगात अरबी समुद्रावरून घोडे, मसाले, कापड यांच्याबरोबर माणसांचाही व्यापार चाले. पूर्व आफ्रिकेतली मुले-माणसे पकडून तांबड्या समुद्रातल्या आणि इराणी आखातातल्या बंदरांत विकली जात आणि तिथून गुजरात, कोकण व दख्खनमध्ये येत. पुढे पोर्तुगीजांनीही मोझांबिकमधून गोव्यात माणसे आणून विकली. त्याच काळात पोर्तुगीजांची दुसरी जहाजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून माणसे भरून ब्राझीलकडे जात होती. गोव्याचा आणि ब्राझीलचा मालक एकच होता.

दोन्हीकडच्या गुलामगिरीत एक फरक होता. ब्राझीलमध्ये गुलामांना उसाच्या मळ्यांत आणि खाणींत राबवले गेले. दख्खनच्या सुलतानांना लढवय्ये हवे होते, म्हणून हबशी गुलामाच्या हातात तलवार आली. काहींना लिहिणे-वाचणे आणि हिशेब शिकवला गेला. मालक मेल्यावर किंवा मालकाने मोकळे केल्यावर असा गुलाम सरदार होऊ शकत असे. गुलामगिरी दोन्हीकडे वाईटच होती, पण इथे तिच्यातून बाहेर पडायला एक फट होती.

मलिक अंबर (सुमारे १५४८ ते १६२६)

मलिक अंबर यांचा जन्म इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच विक्री झाली आणि हातोहात विकले जात ते बगदादला पोहोचले. तिथल्या मालकाने त्यांना शिक्षण दिले आणि 'अंबर' हे नाव ठेवले. पुढे ते दख्खनमध्ये आले आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्यांना विकत घेतले. चंगेजखान स्वतः हबशी होता आणि तोही कधीकाळी गुलामच होता. त्याच्या हाताखाली अंबर यांनी राज्यकारभार जवळून पाहिला. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर ते स्वतंत्र झाले. काही काळ विजापूरकरांकडे चाकरी केली आणि १५९५ च्या सुमारास निजामशाहीत परतले.

१६०० मध्ये चांदबिबीच्या हत्येनंतर अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असेच सगळ्यांना वाटले. तेव्हा मलिक अंबर यांनी परांड्याला निजामशाही घराण्यातल्या मुर्तजाला गादीवर बसवले आणि पेशवा म्हणून कारभार हाती घेतला. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि तिथून १६१० मध्ये दौलताबादला नेली. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे त्यांनी अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या फौजांना दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत.

मोगलांकडे मोठे सैन्य आणि तोफखाना होता. अंबर यांनी समोरासमोरची लढाई टाळली. मराठा घोडेस्वारांच्या हलक्या तुकड्या करून शत्रूची रसद तोडणे, छावणीवर रात्री छापे घालणे आणि शत्रू सावरायच्या आत डोंगरात दिसेनासे होणे ही त्यांची पद्धत होती. यालाच आपण गनिमी कावा म्हणतो. त्यांच्या सैन्यात हबशी होते तसे हजारो मराठेही होते. पुणे परगणा तेव्हा निजामशाहीतच होता आणि तो भोसल्यांकडे जहागीर होता. छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मलिक अंबर यांच्या बाजूने लढले. या लढाईत अंबर यांनी तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीचा परिसर चिखलात बुडवला आणि मोगल व विजापूरकर यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी याच लढाईत कामी आले. परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात या लढाईचे वर्णन आहे आणि तिथे मलिक अंबर यांच्या पराक्रमाचे कौतुकच आहे.

जहांगीर बादशहाचा त्यांच्यावर किती राग होता हे एका चित्रावरून कळते. दरबारी चित्रकार अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास काढलेल्या या चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावरच्या मलिक अंबर यांच्या मुंडक्यावर बाण मारत आहे. प्रत्यक्षात ते डोके जहांगीरला कधीच मिळाले नाही. आपल्या आठवणींत जहांगीर अंबर यांचा उल्लेख करताना त्यांच्या काळ्या रंगावरून अपशब्द वापरतो. मे १६२६ मध्ये अंबर वृद्धापकाळाने वारले, तेव्हा मात्र मोगल दरबाराच्याच इतिहासकाराला त्यांच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची थोरवी लिहून ठेवावी लागली. त्यांची कबर खुलताबादला आहे.

पाणी आणि जमीन

मलिक अंबर यांना केवळ सेनापती म्हणून पाहणे अपुरे आहे. खडकी वसवली तो भाग कोरडा होता. हजारो माणसांची वस्ती करायची तर पाणी कुठून आणायचे हा पहिला प्रश्न. त्यांनी शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरउतारावरचे आणि खाम नदीच्या खोऱ्यातले जमिनीखालचे पाणी एका बांधीव भुयारी कालव्यात गोळा केले. कालव्याला अगदी बेताचा उतार दिला, त्यामुळे मोट किंवा रहाट न लावता पाणी आपोआप शहरापर्यंत येई. मध्ये मध्ये उभ्या विहिरींसारखी तोंडे ठेवली, म्हणजे हवा खेळती राही आणि माणूस उतरून गाळ काढू शके. शहरात आल्यावर मातीच्या नळांतून पाणी हौदांपर्यंत जाई. हीच नहर-ए-अंबरी. पुढच्या राज्यकर्त्यांनी याच धर्तीवर आणखी नहरी काढल्या आणि अंबर यांच्या नहरीचे काही भाग विसाव्या शतकापर्यंत उपयोगात होते.

दुसरे मोठे काम जमीन महसुलाचे. आधी गावांचा महसूल मक्त्याने दिला जाई. जास्त बोली लावणारा मक्तेदार गाव पिळून काढी. अंबर यांनी मक्तेदारी बंद केली. जमिनीची प्रत पाहून आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवला. आधी तो धान्यात घेतला आणि पुढे रोख रकमेत बांधून दिला. पीक बुडाले तर सूट दिली जाई. ही पद्धत 'मलिकंबरी धारा' म्हणून ओळखली गेली आणि पुढे पुणे जहागिरीतल्या व स्वराज्यातल्या महसूल व्यवस्थेला तिचा आधार झाला.

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवायची आहे. मलिकंबरी धाऱ्याने शेतकऱ्याला दिलासा मिळाला, पण पाटील-कुलकर्ण्यांची वतने अधिक पक्की झाली. गावगाडा तसाच राहिला आणि वेशीबाहेरचा माणूस वेशीबाहेरच राहिला. त्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांना तीनशे वर्षांनंतर, १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडावे लागले. शिवाय स्वतः गुलाम म्हणून विकले गेलेल्या अंबर यांनी आपल्या फौजेसाठी हबशी गुलाम विकत घेतले. आपण व्यक्तिपूजा करत नाही. माणसाचे मोठेपण सांगताना त्याची मर्यादाही सांगायची, हे आपण बाबासाहेबांकडूनच शिकलो आहोत.

एका गावाची चार नावे

मलिक अंबर यांच्या हयातीतच मोगलांनी खडकीची नासधूस केली आणि त्यांनी ती पुन्हा उभी केली. ते गेल्यावर त्यांचा मुलगा फतेहखान याने गावाला फतेहनगर नाव दिले. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून परत आला आणि त्याने औरंगाबाद केले. २०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर. गेली कित्येक वर्षे या शहराच्या नावावरून सभा झाल्या, मोर्चे निघाले, निवडणुका लढल्या गेल्या. त्या सगळ्या गदारोळात शहर उभे करणाऱ्या माणसाचे नाव क्वचितच कुणी घेतले.

नाव म्हणजे काय असते हे आपल्या चळवळीला कुणी शिकवायला नको. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळली, माणसे गेली. ज्या शहरात हा लढा झाला ते शहर मलिक अंबर यांचे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथेच पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. आणखी एक योगायोग पाहा. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबर यांनी १६१२ मध्ये उभारला असे सांगतात तो भडकल दरवाजा आजही उभा आहे. त्याच्याजवळच बाबासाहेबांचा पुतळा आहे. भीमजयंतीला तिथे हजारोंची गर्दी लोटते. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाचा दरवाजा आणि अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या महामानवाचा पुतळा शेजारी शेजारी आहेत. पुढच्या वेळी अभिवादनाला जाल तेव्हा मुलांना दोघांचीही गोष्ट सांगा.

समुद्रावरचे आणि स्वराज्यातले सिद्दी

मुरूडजवळचा जंजिरा किल्ला पाहिला नाही असा कोकणचा पर्यटक विरळा. या किल्ल्यावर सिद्द्यांनी तीन शतकांहून अधिक काळ सत्ता टिकवली. छत्रपती शिवाजी महाराज, छत्रपती संभाजी महाराज आणि पुढे पेशवे यांनी प्रयत्न करूनही जंजिरा पडला नाही. १६८९-९० मध्ये सिद्दी याकूतखानाने मुंबईवर चढाई करून इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. ईस्ट इंडिया कंपनीला औरंगजेबाकडे माफी मागून सुटका करून घ्यावी लागली. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी सरदारांच्या जुन्या कबरी आहेत. जंजिऱ्याला जाणारे बहुतेक लोक त्या न पाहताच परततात.

सिद्दी म्हटले की आपल्याला पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आठवतो. सिनेमा आणि नाटकांनी त्याला एक ठराविक क्रूर चेहरा देऊन टाकला आहे. पण त्याच १६६० मध्ये तो वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर चालून गेलेला सरदार सिद्दी हिलाल हाही हबशीच होता. या लढाईत त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. म्हणजे पन्हाळ्याला दोन्ही बाजूंनी सिद्दी लढत होते. इतिहासाला धर्माचा आणि रंगाचा एकच चष्मा लावला की सिद्दी हिलाल दिसेनासा होतो.

नाशिकचे शरणपूर

नाशिकला शरणपूर रोड सर्वांना माहीत आहे. हे नाव कसे पडले हे थोड्यांनाच ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश नौदल अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबते पकडत असे. त्यातून सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवली जात. मुलांपुढे जायला घर नसे, आईवडिलांचा पत्ता नसे. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ वसवलेल्या शरणपूरच्या वस्तीत त्यांतल्या अनेकांना ठेवून घेतले. तिथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. पुढे ही मुले इंग्रजी कागदपत्रांत 'नाशिक बॉइज' म्हणून ओळखली गेली.

त्यांतले एक जेकब वेनराइट. संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शेवटच्या मोहिमेत ते सामील झाले. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांच्या आफ्रिकन सहकाऱ्यांनी शव तिथेच सोडून न देता महिनोन्‌महिने पायपीट करून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणले. दफनाची जागा दाखवणारी अक्षरे झाडावर जेकब यांनी कोरली, कारण त्यांना लिहिता येत होते. पुढे ते शवाबरोबर इंग्लंडला गेले आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या अंत्यविधीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांमध्ये होते. ज्या जेम्स चुमा आणि अब्दुल्ला सुसी यांनी या प्रवासाचे नेतृत्व केले, त्यांतले चुमा काही काळ मुंबईत शिकलेले होते.

नाशिकचेच विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड आजच्या केनियात परतले. मोंबासाजवळ राबई आणि फ्रिअरटाउन इथे मुक्त झालेल्या गुलामांच्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांत त्यांनी शिक्षक आणि धर्मोपदेशक म्हणून काम केले. मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांना जोन्स यांच्या राबईत आसरा मिळे. एकेकाळी स्वतः विकली गेलेली मुले गोदाकाठी अक्षर शिकली आणि त्या अक्षराच्या बळावर दुसऱ्यांना सोडवायला परत गेली. 'पे बॅक टू सोसायटी' आपण म्हणतो ते याहून वेगळे काय असते?

आजचे सिद्दी

सिद्दी समाज इतिहासजमा झालेला नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत तो जंगलाच्या कडेने राहतो. त्यांच्यात हिंदू, मुस्लिम आणि ख्रिश्चन असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि त्यांची बोली कोकणी-मराठीच्या जवळची आहे. उत्तर कन्नडमधल्या सिद्द्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नेमले गेले आणि राज्याच्या विधिमंडळात पहिल्यांदाच सिद्दी माणूस बसला. गुजरातेत गीरच्या जंगलाजवळच्या जांबूर गावच्या हिराबाई लोबी यांनी सिद्दी बायकांना संघटित केले, बचतीची आणि मुलांच्या शाळेची सवय लावली. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सवलत कागदावर मिळणे आणि ती घरापर्यंत पोहोचणे यातले अंतर आपल्याला ठाऊक आहे. त्यांचा लढा आज तिथेच आहे.

ब्राझीलने काय केले?

सुमारे ४८ लाख आफ्रिकन माणसे गुलाम म्हणून ब्राझीलमध्ये उतरवली गेली. अमेरिका खंडात गुलामगिरी सर्वांत शेवटी ब्राझीलने संपवली, १३ मे १८८८ ला. पण तिथल्या कृष्णवर्णीय चळवळीने राजघराण्याने दिलेल्या मुक्तीचा तो दिवस आपला मानला नाही. त्यांनी २० नोव्हेंबर निवडला. १६९५ मध्ये या दिवशी झुंबी मारले गेले. पळून आलेल्या गुलामांनी डोंगरात उभारलेल्या पाल्मारेस या स्वतंत्र वस्तीचे ते नेते होते. मुक्ती कुणी दान म्हणून देत नाही, ती लढून घ्यावी लागते, हा त्या निवडीचा अर्थ. चळवळीच्या रेट्यामुळे २००३ च्या कायद्याने ब्राझीलच्या शाळांत आफ्रिकन-ब्राझिलियन इतिहास शिकवणे सक्तीचे झाले आणि २०२४ पासून २० नोव्हेंबर राष्ट्रीय सुट्टीचा दिवस झाला.

त्या इतिहासातली दोन नावे आपल्या तरुणांना माहीत हवीत. लुईस गामा (१८३० ते १८८२) यांना दहाव्या वर्षी खुद्द वडिलांनीच विकले. सतराव्या वर्षी ते अक्षर शिकले, कायद्याची पुस्तके वाचली आणि पदवी नसताना कोर्टात उभे राहून पाचशेहून अधिक गुलामांना मुक्त केले. कारोलिना मारिया दे जेझुस (१९१४ ते १९७७) साओ पावलोच्या झोपडपट्टीत कागद वेचून तीन मुलांना वाढवत. वेचलेल्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर त्या रोजनिशी लिहीत. १९६० मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि जगभर वाचली गेली. घरच्यांपासून लपवून 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या आपल्या बेबीताई कांबळे यांची इथे आठवण होते.

आपले नाते किती जुने?

हे नाते आम्ही आज ओढूनताणून जोडत नाही. महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना ती अर्पण केली. पुण्यात बसून त्यांनी शूद्रातिशूद्रांचे आणि काळ्या गुलामांचे दुःख एकाच ओळीत मांडले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतले.

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलनाही केली आहे. गुलामाला मालक शिकवू शकतो, कारण शिकलेल्या गुलामाची किंमत वाढते. गुलामाला मोकळे करता येते. अस्पृश्याला शिकवण्यात कुणाचा फायदा नाही आणि त्याला मोकळे करणारा मालकही नाही, असा त्या मांडणीचा गाभा आहे. मलिक अंबर यांचे आयुष्य या मांडणीचा जिवंत पुरावा वाटते. समुद्रापलीकडून विकत आणलेला मुलगा ज्या दख्खनमध्ये शिकून पेशवा झाला, त्याच दख्खनमध्ये इथल्याच मातीत जन्मलेल्या महार-मांगाच्या मुलाला अक्षर शिकायची सोय नव्हती. इथे माणूस बाजारात विकत घेतला तर वर चढू शकत होता, वेशीबाहेर जन्मला तर नाही. जातिव्यवस्थेचे याहून कठोर वर्णन आम्हाला सुचत नाही.

आपण काय करू शकतो?

२०२६ हे मलिक अंबर यांच्या निधनाचे चारशेवे वर्ष. सरकार काय करते याची वाट पाहत बसायचे कारण नाही. वेरूळच्या लेणी पाहायला विहारांतून सहली निघतात. खुलताबाद तिथून काही मिनिटांवर आहे, तिथे मलिक अंबर यांच्या कबरीपाशी थांबता येईल. विहारातल्या वाचनालयात फुले-आंबेडकरांच्या ग्रंथांशेजारी त्यांच्यावरचे एखादे पुस्तक ठेवता येईल. नाशिकच्या कार्यकर्त्यांना शरणपूरच्या मुलांवर एक व्याख्यान घेता येईल. खडकीच्या तरुणांना तर घराजवळच्या दफनभूमीत जाऊन त्या आफ्रिकन सैनिकांची नावे एकदा मोठ्याने वाचता येतील.

आणखी एक गोष्ट रोजच्या जगण्यातली आहे. पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेली मुले आहेत. घर भाड्याने घेताना रंग पाहून दार लावले जाते, तेव्हा त्यांना काय वाटत असेल? आडनाव ऐकून दार लावले गेल्याचा अनुभव असलेल्या आपल्याला ते कुणी समजावून सांगायची गरज नाही. म्हणून निदान आपल्या वस्तीत, आपल्या घरात आणि आपल्या तोंडी तरी 'हबशी' ही शिवी असता कामा नये. ज्या शहराच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्यासाठी आपण साडेपंधरा वर्षे लढलो, त्या शहराला पाणी देणारा माणूस हबशी होता.

मलिक अंबर आणि आफ्रिकेतून आलेल्या सर्व ज्ञात-अज्ञात माणसांना विनम्र अभिवादन!

जय भीम!